व्हिडिओ लगेच कन्व्हर्ट करू नका, आधी बघा अडलंय कुठे

आमच्या घरात लग्नानंतर फोटो कोणी मागत नाही, सगळ्यांना व्हिडिओ पाहिजे असतो आणि तोही ‘ओरिजनल’. व्हॉट्सॲपवरचा नको, त्यात म्हणे काकूच्या शालूचा रंगच निघून जातो. (रंगाचं कारण वेगळंच निघालं, पुढे सांगते.)

तर भाचीचं लग्न झालं, शूटिंगवाल्याने दोन टीबीची हार्ड डिस्क हातात दिली, शिवाय घरातल्या निम्म्या लोकांनी आपापल्या फोनवर काय काय काढलेलं, आणि हे सगळं फिरवायचं कुठे तर माझ्या विंडोज लॅपटॉपवर, चुलतभावाच्या म्हणजे दादाच्या मॅकवर, कारण तो एडिटिंग करतो आणि फायनल तोच जोडणार, मग भाच्याच्या लिनक्सवर, तो इंजिनियरिंगला आहे आणि विंडोज म्हटलं की नाक मुरडतो, आणि सगळ्यात शेवटी इथेच इंदूरला, लोकमान्य नगरात, बाबांच्या टीव्हीवर. एवढ्या प्रवासात फाइल कुठे ना कुठे अडणारच. आणि अडली की सगळ्यांचं एकच, ‘चालत नाहीये, कन्व्हर्ट करून दे ना.’

मला ह्या कन्व्हर्टचा राग आहे. दहातल्या आठ वेळा त्याची गरजच नसते, तास-तास लॅपटॉप तापवून हातात येते मूळपेक्षा खराब फाइल, आणि खरा घोळ असतो भलतीकडेच. फाइल तीन ठिकाणी अडू शकते, डिस्कवर, फाइलच्या आत, नाहीतर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायच्या रस्त्यात. कन्व्हर्ट करून फक्त मधला प्रॉब्लेम सुटतो, बाकी दोन्हींना काहीही फरक पडत नाही.

आधी डिस्क. शूटिंगवाल्याचं ऑफिस मॅकवर चालतं, त्याने डिस्क मॅकच्या फॉरमॅटमध्ये दिली, एपीएफएस, जो ॲपलने २०१७ साली मॅकवर आणला. मी विंडोजला लावली तर स्क्रीनवर आलं की ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल. कृपा करून इथे थांबा. विंडोज तुम्हाला एवढंच सांगत असतं की मला ही भाषा वाचता येत नाही, पण विचारायची पद्धत अशी की माणूस घाबरून हो म्हणून टाकतो आणि लग्न गेलं. कॅन्सल करायचं, डिस्क काढायची, मॅक असलेल्या माणसाकडे न्यायची. लिनक्सवरही एपीएफएस आपोआप वाचलं जात नाही, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. भाच्याने टाकून बघतो म्हटलं, मी म्हटलं राजा, लग्नाच्या डिस्कवर प्रयोग नको.

उलट बाजूने गंमत वेगळी. विंडोजची डिस्क असते एनटीएफएस, ती मॅकला लावली की सगळं दिसतं, व्हिडिओ चालतात, कॉपी करून घेताही येतं, पण त्या डिस्कवर काही टाकायला गेलं की टाकता येत नाही. मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही (त्यासाठी पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअरं आहेत, मी कधी घेतली नाहीत). दादा अर्धा तास म्हणत होता की तुझी डिस्क लॉक आहे, काहीतरी पासवर्ड असेल बघ. लॉक-बिक काही नव्हतं. लिनक्स ह्या बाबतीत सगळ्यात समजूतदार, एनटीएफएस वाचतोही आणि लिहितोही.

मग लोक काय करतात तर सगळीकडे चालतो म्हणून जुना पेनड्राइव्ह काढतात. तो असतो फॅट३२, विंडोज ९५ च्या जमान्यातला फॉरमॅट, आणि तो खरंच सगळीकडे चालतो, टीव्ही, गाडीचा स्टिरिओ, सगळीकडे. फक्त त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा असेल, पूर्ण रिकामा असेल, तरी ५ जीबीची एक फाइल घेणार नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं पेनड्राइव्ह खराब आहे. ४ जीबी म्हणजे किती ते बघा, आयफोनवर फोर-के ६० फ्रेमला मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात, म्हणजे दहा-साडेदहा मिनिटांत खेळ खलास. अनंत चतुर्दशीला आमच्या जेल रोडवर एका जागी उभं राहून मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, शूट केल्यात का कधी? दोन झांक्या आणि मधला एक अखाडा, झाली की दहा मिनिटं. म्हणूनच पुष्कळ कॅमेरे लांब शूटिंगचे आपले आपण तुकडे करून ठेवतात, ते बिघडलेले नसतात.

ह्यावरचा उपाय तसा जुनाच आहे, एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ साली काढला, मॅकने २०१० पासून घेतला (१०.६.५ व्हर्जनपासून), आणि लिनक्सवाल्यांची गाडी मात्र अडकली होती कारण मायक्रोसॉफ्टचे पेटंट होते. २०१९ ला मायक्रोसॉफ्टने त्याची माहिती खुली केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो लिनक्सच्या ५.४ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे त्याचा गाभा) आला, पुढच्या वर्षी ५.७ मध्ये चांगला ड्रायव्हर आला. म्हणजे आज तिन्हीकडे एकही सॉफ्टवेअर न टाकता चालतो, आणि फाइलच्या साइजची अडचण नाही. ३२ जीबीच्या वरची मेमरी कार्डं तर त्याच फॉरमॅटमध्ये येतात. आमच्या फिरत्या डिस्का आता सगळ्या एक्सफॅट.

पण एक्सफॅटचा एक वाईट गुण आहे तो कोणी सांगत नाही. एनटीएफएस आणि एपीएफएस लिहिताना मधेच काही झालं तर स्वतःला बऱ्यापैकी सावरून घेतात, एक्सफॅटमध्ये ती सोयच नाही. कॉपी चालू असताना लाइट गेली, वायर हलली, किंवा इजेक्ट न करता डिस्क ओढली की आख्खी डिस्क रुसू शकते. त्यामुळे एक्सफॅट फिरवायला घ्या, सांभाळून ठेवायला नको. दादाने शूटिंगवाल्याची मूळ डिस्क तशीच कपाटात ठेवली आणि तिची कॉपी एक्सफॅटवर फिरवली, हे त्याने बरोबर केलं.

आता डिस्क उघडली, फाइल कॉपी झाली, पण प्ले केली की आवाज येतो आणि चित्र काळं. किंवा चित्र येतं आणि आवाज नाही. हे फाइलच्या आतलं प्रकरण.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय ही नावं डब्याची आहेत, आत भाजी कोणती ते डब्यावरून कळत नाही. म्हणून ‘माझा टीव्ही एमपी४ चालवतो, मग ही एमपी४ का नाही चालत’ ह्या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही, एका एमपी४ मध्ये एच.२६४ असतं, दुसऱ्यात एच.२६५ (चित्र दाबून बसवायच्या ह्या पद्धती, ह्यांनाच कोडेक म्हणतात). एच.२६४ आलं २००३ ला, आज जुन्यात जुना लॅपटॉप आणि टीव्हीसुद्धा ते चालवतो. एच.२६५, ज्याला एचईव्हीसी पण म्हणतात, ते आलं २०१३ ला, तेवढ्याच क्वालिटीला जवळपास निम्मी जागा घेतं, आणि २०१७ पासून आयफोन त्यातच शूट करतो. पण त्याच्या पेटंटचे पैसे मागणारे एकापेक्षा जास्त गट आहेत, त्यामुळे कोण कोणाला किती देणार ह्यात ते सगळीकडे फुकट पोचलंच नाही. विंडोज १० च्या बऱ्याच मशीनवर त्याचं एक्स्टेन्शन स्टोअरमधून वेगळं घ्यावं लागतं. वहिनीच्या आयफोनवरची सगळी हळद म्हणूनच माझ्या लॅपटॉपवर काळी.

इथेही कन्व्हर्ट नाही करायचं हो. व्हीएलसी टाका. फुकट आहे, पॅरिसच्या एका कॉलेजात पोरांनी १९९६ ला प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं, आणि ते स्वतःबरोबर सगळे कोडेक घेऊन येतं, म्हणजे मशीनमध्ये काय आहे काय नाही ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर तेच. मॅकवरच्या क्विकटाइमला एमकेव्ही उघडत नाही, तिथेही व्हीएलसी. नुसतं बघायचंच असेल तर ‘चालत नाहीये’ म्हणून येणारे निम्मे फोन इथेच बंद होतात.

आणि डबाच बदलायचा असेल, म्हणजे आत एच.२६४ च आहे पण वरून एमकेव्ही आहे आणि समोरच्या मशीनला एमपी४ च पाहिजे, तर त्याला कन्व्हर्ट लागतच नाही, एफएफएमपेग नावाचं जे कमांडवालं सॉफ्टवेअर आहे त्यात कोडेकच्या जागी ‘कॉपी’ लिहायचं, ते आतलं जसंच्या तसं उचलून दुसऱ्या डब्यात ठेवतं. एका तासाची फाइल मिनिटभराच्या आत होते आणि क्वालिटी कणभर कमी होत नाही. भाच्याने मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं एवढ्यात झालं? तर म्हणे, ‘मावशी, ह्याने काही केलंच नाही, नुसतं उचलून ठेवलं.’ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर म्हणून हँडब्रेक फार छान आहे, बटणं आहेत, सोपं आहे, पण ते हे करत नाही. ते प्रत्येक वेळी चित्र नव्याने बनवतं, म्हणून वेळ लागतो आणि म्हणून क्वालिटी उतरते. जिथे खरंच नव्याने बनवायचंय तिथेच हँडब्रेक.

खरंच कुठे लागतं ते पण सांगते, नाहीतर म्हणाल की हिला सगळ्यातच नाही म्हणायचंय. एक, जुना टीव्ही, त्याच्यावर येतेच. दोन, दादाचं एडिटिंग. फोन व्हिडिओ काढताना उजेड बघून फ्रेमचा वेग वर-खाली करतात, एका सेकंदाला ३० असतील, अंधारात २४ च, आणि एडिटिंगमध्ये टाकलं की सुरुवातीला सगळं ठीक, वीस मिनिटांनी भटजींचे ओठ पुढे आणि मंत्र मागे. अशा फाइल हँडब्रेकमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ लावून काढायच्या, मग एडिटिंगमध्ये टाकायच्या.

तिसरं, काकूचा शालू. आयफोन १२ पासून फोन एचडीआरमध्ये (म्हणजे उजेड आणि रंग नेहमीपेक्षा जास्त खुलवून) शूट करतो, फोनवर बघितलं तर जरीचा नुसता झगझगाट, आणि तीच फाइल साध्या स्क्रीनवर, जुन्या प्लेअरमध्ये लावली की सगळं पांढुरकं, जसं काय धुवून धुवून रंग गेलेला. त्यात व्हॉट्सॲपचा दोष थोडा, एचडीआरचा जास्त. तिथे रंग साध्या स्क्रीनसाठी नव्याने बसवावेच लागतात, दादाने ते एडिटिंगमध्येच केलं. पुढच्या लग्नाला मी सगळ्या आयफोनवाल्यांना मुहूर्ताच्या आधीच सांगणार आहे की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करा आणि फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ ठेवा. मग एच.२६४ मध्ये शूट होतं. फाइल दुप्पट होते आणि फोर-के ६० मिळत नाही, पण मांडवात फोर-के ६० पाहिजे कोणाला?

आयफोन वायरने विंडोजला लावून व्हिडिओ ओढताना मधेच एरर येऊन कॉपी तुटते, तेव्हा सेटिंग्जमध्ये फोटोज उघडून अगदी खाली जा, मॅक किंवा पीसीला ट्रान्सफर करताना ‘ऑटोमॅटिक’ असतं ते ‘कीप ओरिजनल्स’ करा. ऑटोमॅटिकमध्ये फोन कॉपी होता होता कन्व्हर्ट करत बसतो आणि त्यात दमतो. बघा, इथेही कन्व्हर्टच.

आता रस्ता. ड्राइव्हवर टाक म्हणणारे खूप, पण गूगलचे फुकटचे १५ जीबी, त्यात मेल आणि फोटो आधीच बसलेले, आणि घरातल्या इंटरनेटचा अपलोड. एकाच शहरात, कधी एकाच घरात, माणूस समोर बसलेला आणि फाइल अमेरिकेला जाऊन परत येणार! व्हॉट्सॲप लागणारच असेल तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि दाबलं जात नाही.

घरातल्या घरात सगळ्यात सोपं आता लोकलसेंड, फुकट आहे, फोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं, एकाच वायफायवर असलं की झालं, इंटरनेट लागत नाही. छोट्या-मोठ्या क्लिपांना मी तेच वापरते. एअरड्रॉप छान आहे पण ते ॲपल-ॲपलचं घरगुती.

मोठ्या फोल्डरला मात्र शेअरिंग. विंडोज आणि मॅक दोघं एसएमबी बोलतात (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची भाषा), लिनक्सवर त्यासाठी सांबा असतं, आणि मॅकने २०१३ पासून आपलं जुनं बाजूला ठेवून हेच मुख्य केलंय, त्यामुळे भाषेची अडचण नाही, अडचण पासवर्डची येते. विंडोजवर रोज चार आकडी पिन टाकून लॉगिन करणाऱ्यांनो, ती पिन फक्त त्या मशीनपुरती असते, मॅकवरून कनेक्ट करताना ती चालत नाही, तिथे अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो कोणाला आठवत नसतो. मॅकच्या बाजूला फाइल शेअरिंग चालू करून पुरत नाही, ऑप्शन्समध्ये जाऊन विंडोज शेअरिंगसाठी आपल्या नावापुढे टिक करून पासवर्ड द्यावा लागतो. आणि विंडोजवर घरचं वायफाय ‘पब्लिक’ लागलेलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करायचं, नाहीतर मशीन दुसऱ्याला दिसतच नाही. एवढं केलं की मॅकवर कमांड-के दाबून विंडोजचा पत्ता टाकायचा.

स्पीडचा हिशोब करा पण, कारण इथे लोक उगाच मशीनला शिव्या घालतात. ५० जीबी फोल्डर गिगाबिट वायरने आठेक मिनिटांत जातं. राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल, आणि स्वस्तातल्या राउटरवर असतंच, तर तेच फोल्डर सवा तास घेतं. यूएसबी २ च्या डिस्कला पंचवीसेक मिनिटं. म्हणजे राउटर मधे घेण्यापेक्षा जुनी डिस्क बरी! पण त्याहून बरं म्हणजे राउटर काढूनच टाकायचा. दोन लॅपटॉपमध्ये सरळ एक लॅनची वायर लावा, आजकालच्या मशीनला उलटी क्रॉसवाली वायर लागत नाही, दोघं आपला आपण १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात आणि गिगाबिट चालू. मॅकबुकला लॅनचं तोंड नसतं, सिल्व्हर मॉलमध्ये टाइप-सी टू लॅन मिळतो, गिगाबिट लिहिलेलाच घ्या, दिसायला सारखे असतात. आणि दोन्ही मशीनची झोप बंद करून ठेवा.

नावांचं एक राहिलं. मॅकवर फोल्डरला ‘१२/५ हळद’ असं नाव देता येतं, विंडोजला नावात तिरपी रेघ चालत नाही, कोलन नाही, प्रश्नचिन्ह नाही. तारीख टाकायची तर मधे आडवी रेघ घाला. मराठी नावं आता सगळीकडे चालतात, पण त्यातही एक बारीक किडा निघाला. ‘वऱ्हाड’ नावाचं फोल्डर दादाच्या जुन्या मॅक डिस्कवर होतं, भाच्याने लिनक्सवर सिंक केलं तर तिथे दोन-दोन ‘वऱ्हाड’. झालं असं की जुन्या मॅक डिस्का अक्षर फोडून ठेवतात, ऱ चा र आणि खाली नुक्ता असे दोन भाग करून, आणि लिनक्सवर आधीपासून जे फोल्डर होतं त्यात ते एकच अक्षर. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. नुसतं ‘हळद’ असतं तर कधी कळलंही नसतं.

आता बाबांचा टीव्ही. तो जुना आहे, त्याला एक्सफॅट ओळखता येत नाही, एच.२६५ येत नाही, पण फॅट३२ वर एच.२६४ आणि साधा एएसी आवाज असलेली एमपी४ आनंदाने चालवतो. इथे मी निमूटपणे कन्व्हर्ट केलं. फुल एचडी, ८ एमबीपीएस ठेवलं की तासाला ३.६ जीबी होतात, म्हणजे तासाची फाइल फॅट३२ मध्ये बरोबर बसते, म्हणून सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असे वेगवेगळे भाग केले. बाबांना तसंही सलग बघायचं नसतं, त्यांना पंगतच बघायची असते.

पेनड्राइव्ह दादाने मॅकवरून भरून पाठवला आणि टीव्हीवर प्रत्येक फाइल दोनदा दिसायला लागली, वरची दाबली की ‘फाइल चालू शकत नाही’. ती मॅकची सवय आहे, परक्या फॉरमॅटवर कॉपी करताना तो प्रत्येक फाइलबरोबर डॉट-अंडरस्कोअर लावून एक छोटी फाइल ठेवतो, त्यात आपली नोंद लिहितो, आणि मॅकवर ती दिसत नाही, टीव्हीवर दिसते. बाबा म्हणाले खराब रेकॉर्ड केलंय, पैसे परत मागा त्याच्याकडून. डॉट-क्लीन नावाची कमांड आहे मॅकवर, ती चालवली की जातात त्या. दादाला सांगितलं तर म्हणे, ‘त्यापेक्षा टीव्हीचा पेनड्राइव्ह तूच भरत जा ना, विंडोजवर हा प्रकारच होत नाही.’ ते खरंय, त्यामुळे आता तो पेनड्राइव्ह माझ्याकडेच असतो आणि बाबांची पंगतीची फर्माइशही माझ्याकडेच येते.